तापलेल्या काचेचा आवाज

भाईंदरच्या खाडीवरून येऊन मीरा रोडच्या इमारतींत शिरणारा वारा खारा आहे, आणि ज्या घरात विजेवर वाजणारे वाद्य आहे त्या घराला या खारेपणाची जकात दर पावसाळ्यात भरावी लागते: गिटारच्या पोलादी तारा पंधरवड्यात काळवंडतात, वायर जेथे खोचायची त्या जॅकवर गंज चढतो, आवाज कमीजास्त करण्याचे बटण फिरविताच स्पीकरमधून खरखर उमटते. साष्टी बेटाच्या ज्या उत्तर टोकाशी मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे तेथे पिढ्यान्‌पिढ्या याच खाऱ्या पाण्यावर लोकांचे पोट चालले. आगरी लोकांनी मिठागरे राखली, कोळ्यांनी उत्तनच्या किनाऱ्यावरून होड्या लोटल्या, आणि आधी पोर्तुगीजांचा, मग १७३७ पासून मराठ्यांचा व १७७४ पासून इंग्रजांचा असे तीन अंमल या मुलखावरून गेले, तरी मीठ व मासळी या दोन बाबींतच येथील रयतेचा संसार सामावलेला राहिला. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ भरली. जेथे मिठाचे वाफे होते त्याच्या आसपास एकाला एक लागून इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींच्या सहा इंची भिंतींच्या आत, मुंबईतील जागा न परवडल्यामुळे आलेल्या असंख्य कुटुंबांबरोबर, वाद्ये वाजवून चरितार्थ चालविणारे आणि केवळ हौसेखातर वाजविणारे असे पुष्कळ गिटारवादकही येऊन राहिले.

या वादकांच्या घरोघरी एक विद्या निमूटपणे जोपासली जात आहे, आणि तिच्या पूर्वेतिहासाविषयी मला लिहावयाचे आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून निघणारा जो उबदार, दाणेदार, किंचित फाटलेला स्वर गिटारवादकांना प्राणाहून प्रिय असतो, तो स्वर एकही व्हॉल्व्ह न वापरता, आकड्यांत मोजमाप करणाऱ्या संगणकी यंत्राचेही साहाय्य न घेता, केवळ ट्रान्झिस्टर, डायोड, रोधक व धारक यांच्या जुळणीतून, शेजाऱ्याची झोप न मोडता काढावयाचा, अशी ही विद्या आहे. माझ्या मेजावर दहा वॅटचा असा एक लहानसा पेटारा गेली कित्येक वर्षे आहे. रात्री जेवणे झाल्यावर मी त्याच्यासमोर बसतो तेव्हा त्यातून जो आवाज येतो तो कोठून निघाला व कोणकोणत्या मुक्कामांवरून माझ्यापर्यंत पोहोचला, याचा शोध घेण्याची इच्छा मला फार दिवसांपासून होती.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली दोन अग्रांची नळी बनविली, आणि ली डी फॉरेस्ट या अमेरिकनाने १९०६ साली त्या दोन अग्रांच्या मध्ये एक जाळी बसविली, तेव्हापासून क्षीण विद्युत्प्रवाहाला मोठे रूप देण्याची कला माणसाच्या हाती आली. नळीतील तंतू तापला की ऋणाग्रापासून सुटलेले विद्युत्कण धनाग्राकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर गिटारच्या तारेने जागा केलेला दुबळा प्रवाह लावला म्हणजे त्याच्या चढउताराबरहुकूम तो मोठा ओघ कमीजास्त होतो. नळीच्या शक्तीच्या मर्यादेत हे चालले आहे तोवर आवाज केवळ मोठा होतो. परंतु वादकाने तार जोराने छेडली, जाळीवरचा भार नळीला पेलवेनासा झाला, की ध्वनिलहरीचा माथा हळूहळू वाकू लागतो, आणि त्या वाकण्यात मूळ स्वराच्या अंगाने नवे स्वर जन्माला येतात. ट्रान्झिस्टरवर असाच भार टाकला तर तो शेवटच्या क्षणापर्यंत ताठ उभा राहतो व मग लहरीचा माथा कोयत्याने नारळ सोलावा तसा एका घावात सपाट करतो. त्यातून निघणारे स्वर उंच, कर्कश व टोचणारे असतात.

तंबोऱ्याच्या जवारीची ज्यांना ओळख आहे अशा मराठी वाचकाला हे तत्त्व परकीय वाटण्याचे कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून त्याला अशी अस्पष्ट गोलाई देतो, आणि गवई तारेखाली सुताचा धागा असा सरकवितो, की कंप पावणारी तार घोडीला क्षणोक्षणी निसटता स्पर्श करीत राहते. त्या स्पर्शाने तारेच्या शुद्ध कंपनात जो व्यत्यय येतो त्याच्या पोटातून स्वरांश फुलतात, आणि खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला स्वयंभू गांधार ऐकू येतो. तो गांधार म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा स्वरांश होय. दुपटीचा स्वरांश वरच्या सप्तकाचा षड्ज देतो, तिपटीचा पंचम देतो, सातपटीच्या स्वरांशापासून मात्र स्वरमेळ बिघडू लागतो. व्हॉल्व्ह हळुवार वाकतो म्हणून त्याच्यात पहिले दोनचार सज्जन स्वरांश प्रबळ राहतात व वरचे उपद्रवी स्वरांश लवकर विझतात. सम पटीचे स्वरांश गोड व विषम पटीचे कडू, अशी जी समजूत वादकांत रूढ आहे ती मला अपुरी वाटते. पंचम व गांधार हे तर विषम पटीचेच आहेत, आणि दोन व्हॉल्व्ह जोडीने चालविणाऱ्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये सम स्वरांश बऱ्याच अंशी परस्परांना छेदून जातात. गोडवा आहे तो त्या वाकण्याच्या सावकाशपणात. जवारी लावण्यात मिरजेच्या कारागिराचा सारा कस लागतो तो याच सावकाशपणासाठी.

मुंबईत व्हॉल्व्ह आला तो रेडिओतून. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि पुढील तीन दशकांत ऐपतदार घराच्या बैठकीत जाळीदार कापडाच्या तोंडाचा लाकडी रेडिओ प्रतिष्ठेने विराजमान झाला. मीरा-भाईंदर ज्या ठाणे जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या ठाण्यास मर्फी रेडिओचा कारखाना होता, ही गोष्ट या इतिहासात मला विशेष अगत्याची वाटते. बंगळूर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६१ पासून व्हॉल्व्ह बनू लागले. त्या काळच्या रेडिओत आवाजाला अखेरचे बळ देणारा ‘ईएल ८४’ नावाचा एक सडपातळ व्हॉल्व्ह सर्रास असे. आणि इंग्लंडमधील व्हॉक्स कंपनीच्या ज्या ‘एसी ३०’ ॲम्प्लिफायरने बीटल्सच्या गिटारींना वाचा दिली त्याच्या पाठीशीही याच जातीचे चार व्हॉल्व्ह तेवत असत. गिरगावातील चाळीत ज्या काचेने भजने व बातम्या ऐकविल्या त्याच जातीच्या काचेने लिव्हरपूलच्या पोरांचा स्वर जगभर नेला, हे मला प्रथम कळले तेव्हा आमच्या घरातील मोडीत निघालेल्या रेडिओविषयी मला जी हळहळ वाटली ती अद्याप ओसरलेली नाही.

विजेची गिटार मुंबईत रुजली ती चित्रपटसंगीताच्या आश्रयाने. लखनौहून आलेल्या व्हॅन शिप्ली यांनी आठ तारांच्या विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर तेच केले, आणि त्या तबकड्या उपाहारगृहांतून व लग्नमंडपांतून वर्षानुवर्षे वाजत राहिल्या. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी, सॅबॅस्टियन डिसोझा, ॲन्थनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या संयोजकांच्या हाताखाली, या गिटारला वाद्यवृंदात कायमची जागा दिली. पोर्तुगीज अमदानीपासून चर्च उभी असलेल्या उत्तन-डोंगरीच्या लग्नांतून बँड वाजतो तोही याच संस्कारातला, म्हणून हा प्रवाह आमच्या गावाला अगदीच अनोळखी नव्हता. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाईल’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत उस्ताद रईस खाँ यांच्या सतारीच्या बरोबरीने दिलीप नाईक व ॲनिबल कॅस्ट्रो यांच्या विजेच्या गिटारी आहेत. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीताच्या आरंभी भूपिंदर सिंग यांची गिटार जी गुरगुरते ती तर सबंध पिढीच्या कानात बसली. ध्वनिमुद्रणशाळेच्या बाहेर, मुंबईच्या महाविद्यालयांतून, रॉक वाजविणारी पथके निघाली होती. रंगकर्मी आत्माराम व आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे त्यांतले मराठी मनाला सर्वांत जवळचे नाव. दिग्दर्शक अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी संगीतिकेत जुडास गाणाऱ्या या गायकाने १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ मध्ये अंकुशची भूमिका केली, आणि लावणी व नाट्यपदे ऐकण्यास आलेल्या प्रेक्षकाला रॉकचा ठेका मराठी शब्दांसह ऐकविला. ते २०१४ साली गेले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाचे नाव आदराने घेतले जाते, परंतु त्यामागे वाजणाऱ्या यंत्रांची दखल कोणी घेतलेली मला आढळत नाही.

आणि येथेच या इतिहासातील सर्वांत मोठी पोकळी आहे. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या, स्वातंत्र्यानंतरच्या त्या चार दशकांत परदेशी ॲम्प्लिफायर मिळणे हे सामान्य वादकाला अशक्यप्राय होते. परवाना, जकात व परकी चलन या तीन दरवाजांतून एखादे यंत्र पार पडले तर ते बहुधा आगबोटीवरील खलाशाच्या किंवा परदेशस्थ आप्ताच्या सामानातून येई. बाकीच्यांनी काय केले? त्यांनी सभा, कीर्तने व लग्ने यांसाठी बनविलेल्या ध्वनिवर्धकांत गिटारची वायर खोचली, किंवा लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग आणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून आपल्यापुरता पेटारा बांधवून घेतला. रोहित्राचे वेढे हाताने घातलेले, पत्र्याचा सांगाडा ओळखीच्या लोहाराने वाकविलेला, लाकूडकाम सुताराकडचे. गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीचा जो झणझणीत, भोंग्यातून फाटून येणारा स्वर आपण लहानपणापासून ऐकत आलो तोही याच कुळातला आहे: तारांचे वाद्य, गावठी पिकअप, सभेचा ध्वनिवर्धक, आणि यंत्राच्या कुवतीबाहेर लावलेला जोर. त्या फाटण्याला कोणी कला म्हटले नाही. पण ज्याने तो स्वर ऐकून पावले टाकली आहेत त्याला तो गोंगाटातून निवडून काढता येतो.

इकडे डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरने दोन-अडीच दशकांत व्हॉल्व्हचा मुलूख जिंकून घेतला. तो लहान, स्वस्त, गार व टिकाऊ होता. रेडिओला तर आपण त्याचेच नाव दिले. फक्त गिटारवादकांनी हे नवे राज्य मनोमन मान्य केले नाही. १९७५ साली जपानच्या रोलँड कंपनीने काढलेला ‘जॅझ कोरस’ हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर निर्मळ स्वरासाठी त्यांनी डोक्यावर घेतला, परंतु फाटलेल्या स्वरासाठी ते पुन:पुन्हा काचेकडे वळले. अखेर काही अभियंत्यांनी प्रश्नच नव्या रीतीने मांडला. व्हॉल्व्ह जे करतो ते नेमके कोणत्या क्रमाने करतो, हे पाहून तो क्रम ट्रान्झिस्टरकडून गिरवून घेता येईल काय? मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिकलेले व ‘बॉस्टन’ या पथकाचे गिटारवादक टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये खिशाएवढा ‘रॉकमन’ काढला, कानाला हेडफोन लावून वाजविण्यासाठी. १९८९ साली न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टा यांनी ‘सॅन्सॲम्प’ नावाची पेटी विक्रीस आणली; ‘सॅन्स’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘विना’, म्हणजे ॲम्प्लिफायरवाचून. पुढे त्यांच्या ‘टेक २१’ कंपनीने याच विद्येवर ‘ट्रेडमार्क’ मालिकेचे पूर्ण ॲम्प्लिफायरही बांधले.

सॅन्सॲम्पच्या पेटीतील युक्ती कळली की तिच्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. एकाच टप्प्यावर सारा भार न टाकता तो अनेक टप्प्यांवर थोडाथोडा वाटला जातो, म्हणजे लहरीचा माथा एका घावात न कापता दर टप्प्याला जरासा वाकतो. पहिल्या टप्प्याआधी खर्जाचा काही भाग काढून घेतला जातो, कारण फाटलेला खर्ज चिखलासारखा कालवतो. फाटून झाल्यावर तो परत दिला जातो. शेवटी येते ती सर्वांत मोलाची बाब. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील बारा इंची स्पीकर सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर जवळजवळ गाळूनच टाकतो, आणि आपण ज्याला व्हॉल्व्हचा स्वर म्हणतो त्याचा निम्मा गोडवा या गाळणीचा आहे. ही गाळणी सर्किटात बांधल्याखेरीज कोणतीही नक्कल कानाला पटत नाही. १९९६ मध्ये लाइन ६ कंपनीने हेच काम आकड्यांच्या गणिताने करणारा ॲम्प्लिफायर आणला व बाजार त्या दिशेने धावला. गणिताची यंत्रे थोर आहेत. पण सॅन्सॲम्पसारख्या, आकड्यांवाचून चालणाऱ्या ॲनालॉग पेटीत तार आणि स्पीकर यांच्यामध्ये प्रवाह कोठेही तुटत नाही, बोटाचा जोर कमी केला की स्वर तत्क्षणी निवळतो, आणि पंचवीस वर्षांनी तिचा एखादा भाग निकामी झाला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तो दहावीस रुपयांत बदलू शकतो. आमच्या खाऱ्या हवेच्या गावात ही शेवटची गोष्ट हलकी समजू नये.

मीरा रोडच्या सदनिकेत या पेटीचे प्रयोजन अधिकच स्पष्ट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आता वॅटचे गणित असे की शंभर वॅटच्या यंत्रापेक्षा दहा वॅटचे यंत्र केवळ दहा डेसिबलने कमी, म्हणजे कानाला जेमतेम निम्मे वाटते; त्यामुळे पंधरा वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायरसुद्धा त्याच्या ऐन बहरावर आणला तर तो सबंध मजल्याला ऐकू जातो, आणि बहरावर न आणता वाजविला तर ज्यासाठी तो घेतला ते त्यातून निघतच नाही. ॲनालॉग पेटीत फाटण्याचे काम आधीच्या टप्प्यांत उरकलेले असल्याने शेवटचे बटण कितीही खाली ठेवता येते. तरी अनुभवाने काही गोष्टी शिकाव्या लागतात. हळू आवाजात मनुष्याचा कान खर्ज व तार दोन्ही कमी ऐकतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ सालीच दाखविले आहे. म्हणून घरी खर्ज थोडा वाढवावा. तारस्वर मात्र मी वाढवीत नाही, लहान स्पीकर त्या बाबतीत मुळातच उतावळा असतो. गेन, म्हणजे स्वर किती फाटावा हे ठरविणारे बटण, आपल्याला हवासा वाटतो त्याच्या पाऊणपटच ठेवावा. बाकीचे बोटांनी भरून काढावे. पेटारा जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीला ठेवावा आणि सामाईक भिंतीपासून दूर. कळ फिरविण्याआधी गिटारवरचेच बटण थोडे मागे घेऊन पाहावे, कारण उत्तम ॲनालॉग यंत्राची परीक्षा तेथेच होते: स्वर मंद होता होता स्वच्छही झाला तर यंत्र खरे, नुसता मंद झाला तर कच्चे.

एवढे सारे साधल्यावर माझा निर्वाळा असा आहे की हा स्वर उसना असला तरी खोटा नाही. जुन्या कागदाची इमानाने उतरविलेली नक्कल जशी दप्तरात मुळाच्या जागी ग्राह्य धरतात तसा तो ग्राह्य धरावा. परंतु नक्कल करण्यास मूळ कागद जपून ठेवलेला असावा लागतो, आणि येथे मला नेहमी अडखळायला होते. सॅन्सॲम्पच्या ‘जीटी २’ या पेटीवर यंत्र निवडण्याची एक कळ आहे; तिच्या तीन जागांवर ‘ट्वीड’, ‘ब्रिटिश’ व ‘कॅलिफोर्निया’ अशी नावे आहेत. ही नावे अमेरिकेतील व इंग्लंडमधील ज्या ॲम्प्लिफायरांची खूण सांगतात त्यांचे नकाशे, मोजमापे, व्हॉल्व्हच्या जाती, स्पीकरचे व्यास, सारे काही लिहून ठेवलेले होते म्हणून मूळ यंत्र हाताशी नसतानाही त्यांचा आवाज एका कळीवर जिवंत आहे. लॅमिंग्टन रोडच्या मेकॅनिकने मर्फीच्या रोहित्रावर व बंगळूरच्या व्हॉल्व्हवर बांधलेल्या पेटाऱ्याचा आवाज त्या कळीवर नाही, आणि जगातील कोणत्याही कळीवर नाही. तो स्वर आपल्या गाण्यांत आहे, मिरवणुकींत आहे, पण तो निर्माण करणाऱ्या यंत्राचा एकही नकाशा सार्वजनिक दप्तरात दाखल असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि ज्या हातांनी ती यंत्रे बांधली ते आज ऐंशीच्या पुढचे आहेत किंवा गेलेले आहेत.

म्हणून वाचकांपाशी एक मागणे आहे. आपल्या माळ्यावर, वाडवडिलांच्या खोलीत, मंडळाच्या कोठीत, उत्तन-पालीच्या एखाद्या बँडवाल्याच्या घरी असा व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक पडून असेल तर तो भंगारवाल्याला वजनावर घालू नका. विजेला जोडण्याची घाई करू नका, त्यातील जुने धारक धोकादायक असतात. परंतु मागचा पत्रा उघडून आतील जुळणीची छायाचित्रे घ्या, व्हॉल्व्हवरची अक्षरे उतरवून काढा, रोहित्रावर पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते वाचा, आणि तो कोणी, कोठे व कोणासाठी बांधला हे घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक असेल त्याला या दिवाळीच्या आत विचारून ठेवा.